मालकाकडून उत्तर: पिस्तुलाच्या भावातले बारा हजार

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या हत्यारांच्या दुकानाला एक तारा देऊन जे लिहिलंय ते वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑगस्टमध्ये एक भाव सांगितला आणि दसऱ्यानंतर तेच पिस्तूल बारा हजारांनी महाग केलं. सगळीकडे जीएसटी उतरला, ह्यांनी चढवला. दीड तास बसवून ठेवलं, हातातलं पिस्तूल ओढून घेतलं, विदेशी मागितलं तर सरकारी माल गळ्यात मारायला बघितला. आणि शेवटी, "शेतकऱ्याला लुटायचा धंदा."

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. उत्तराला उशीर झाला त्याचीही. नगरपालिका निवडणुकांची आचारसंहिता लागली होती, तेव्हा लोकांची हत्यारं जमा करून घेणं, नोंदी करणं, पावत्या फाडणं यातच दिवस गेले.

पण ते लुटायचं वाक्य मला झोपू देईना, म्हणून लिहितो.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते पोळ्याच्या दोन दिवस आधी, 20 ऑगस्ट 2025 ला. माझ्या वहीत आहे. तेव्हा पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी 28 टक्के होता. मूळ किंमत हिशेबाला सोपी जावी म्हणून एक लाख धरा. त्यावर 28 हजार कर, म्हणजे 1,28,000. तुम्ही म्हणालात, "15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलंय, दिवाळीच्या आत जीएसटी कमी होणार. थांबतो." बरोबर ना? 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि 22 सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागले. ट्रॅक्टर 12 वरून 5 वर आला. 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, मोठे टीव्ही, एसी 28 वरून 18 वर आले. आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर 28 वरून 40 वर गेलं. कोल्ड्रिंक, मोठ्या गाड्या, खासगी विमानं आणि हौशी लोकांच्या बोटी यांच्या यादीत आम्हाला बसवलं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बोट कोण घेतंय ते राहू द्या, पण त्या यादीत मी आहे. लाखावर 40 हजार, म्हणजे 1,40,000. फरक बारा हजार. हेच ते तुमचे बारा हजार, आणि यातला एक रुपया माझ्या गल्ल्यात राहत नाही.

तुम्ही दुकानात म्हणालात, "माल तर तुमच्याकडं आधीच होता, जुन्या करात घेतलेला." होता. पण कर माल मी कधी आणला त्यावर लागत नाही, तुम्हाला विकून बिल कधी फाडलं त्यावर लागतो. मी खरेदीला भरलेला 28 मला वजा मिळतो, वरचे 12 मी विकताना भरायचे असतात. ते तुमच्याकडून घेतले नाहीत तर माझ्या खिशातून जातात. 22 तारखेच्या आत पूर्ण पैसे भरून बिल करून घेतलं असतं तर जुन्याच दरात बसलं असतं.

आता इथं माझी चूक आहे, ती लिहितो. तुम्ही थांबतो म्हणालात तेव्हा मी "थांबा की, कमी झाला तर तुमचंच भलं" असं म्हणलो. मलाही तेच वाटत होतं. सगळ्यांचं कमी होतंय म्हणल्यावर आपलंच वाढेल असं कुणाच्या मनात येतं? आणि 3 तारखेनंतर तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. तुमचा नंबर वहीत होता. त्याच दिवसांत पावसानं थैमान घातलं, शेतं पाण्याखाली गेली, आमच्याही गावाकडचं सोयाबीन गेलं, आणि फोन राहून गेला. राहून गेला म्हणजे लुटलं असं होत नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे.

विदेशीचं म्हणाल तर तुम्ही स्वतः सांगितलंत, "बजेट मध्यम आहे, पैसे वसूल झाले पाहिजेत, दिखाव्याला नको." त्यावरच मी बोललो. सामान्य माणसासाठी बाहेरून हत्यारं आणणं 1980 च्या दशकातच बंद झालं. आज बाजारात जे विदेशी फिरतंय ते बहुतेक त्याच्या आधीचं, एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडं जात आलेलं. माल मर्यादित आणि हौस अमर्याद, म्हणून एकेकाची किंमत कित्येक लाखांत जाते. एवढे पैसे देऊन स्प्रिंग म्हातारी झालेली निघाली, मॅगझिन मूळचं नाही असं निघालं, तर पार्ट कुठून आणणार? नऊ एमएम तुम्हाला का नाही दाखवलं हेही तुम्ही लिहिलंय. ते प्रतिबंधित बोअर (म्हणजे नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर येत नाही. आपल्यासाठी बत्तीस बोअर. म्हणून पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याचं पिस्तूल दाखवलं: नवीन, बिलासकट, दोन पैसे कमी.

पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर घेतलं तरी चालेल असंही म्हणलो होतो, ते तुम्ही लिहिलं नाही. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढायला जोर लागतो. या छोट्या पिस्तुलांत गोळीचा धक्का नुसत्या स्प्रिंगनं आणि स्लाइडच्या वजनानं अडवायचा असतो, म्हणून स्प्रिंग कडक ठेवतात. आधी स्वतःच्या हातानं ओढून बघा, नाही जमलं तर रिव्हॉल्व्हर बरं. आणि दोन्हीला बत्तीसच म्हणत असले तरी काडतूस वेगळं असतं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. हे सगळं मी तुम्हाला उभ्यानं अर्धा तास समजावलं. गळ्यात मारणारा माणूस दुसरी वस्तू घ्या म्हणून सांगेल का?

ओढून घेतल्याचं म्हणाल तर हो, घेतलं. तुमच्यासोबतच्या एका भावानं पिस्तूल उचलून माझ्या दुकानातल्या पोराकडं रोखलं, बोट ट्रिगरवर, आणि दुसऱ्यानं मोबाईल काढला. रिकामं होतं हे मला माहीत होतं, त्या पोराला माहीत नव्हतं. बीडमध्ये शंभराहून जास्त परवाने रद्द झाले ते आपण सगळ्यांनी वाचलंय. अशा फोटोंवरून कुणाचा परवाना कधी जाईल सांगता येत नाही, आणि परवाना तुमचा असतो तसा माझाही असतो. माझा गेला तर शटर कायमचं खाली. माझा आवाज चढला असेल, तेवढ्यापुरतं चुकलं.

दीड तास लागला कारण तुम्ही मूळ परवाना आणला नव्हता, मोबाईलमधला फोटो आणला होता. त्यावर मी विकू शकत नाही. भाच्याला परवाना घेऊन यायला तुम्हीच फोन केलात आणि त्याची वाट बघत बसलात. मधल्या वेळात चहा विचारला नाही हे मात्र खरं आहे. आमचा चहावाला त्या दिवशी आला नव्हता. पाण्याचा जार भरलेला होता.

महिन्याला दोन-तीन पिस्तुलं गेली तरी आम्ही पुष्कळ समजतो. बाकी दुरुस्ती, सफाई, एअरगन. त्यात नवीन माणूस आधी तारे बघतो, म्हणून तुमचा एक तारा मला जड जातो. काढा म्हणत नाही, तुमचा हक्क आहे. पण भावाचं वाक्य तेवढं दुरुस्त केलंत तर बरं होईल.

दुकानात आता कराच्या दराचा फलक लावतोय, बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो. बारा हजार मला सोडता येत नाहीत. कव्हर आणि सफाईचा ब्रश माझ्याकडून. ते पिस्तूल अजून कपाटातच आहे. यायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमारास या, गर्दी नसते. मूळ परवाना आणा. भाऊबंद आले तरी चालतील, मोबाईल खिशात ठेवून.