हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क बघा
टर्बो गाडीसाठी क्लच कसा निवडावा यावरच्या या लेखात तो हॉर्सपॉवर बघून निवडायला सांगितलंय, ते पटलं नाही. क्लच घसरतो तो टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोरामुळे, आणि टर्बो गाडीत हा जोर कमी आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) अंगावर येतो. माझा जुना क्लच चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घसरायचा: आरपीएमचा काटा सरसर वर, वेग तिथंच, वर जळका वास. मग हौसेनं सिरॅमिकची क्लच प्लेट बसवली. पकड जबरदस्त, पण ट्रॅफिकमध्ये गाडी बेडकासारखी उड्या मारायची! शेवटी ऑरगॅनिक (मऊ पकडीची) प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जरा कडक घेतली. पेडल थोडं जड झालंय, चालतंय. नवा क्लच बसवल्यावर पहिले 800 किलोमीटर मात्र सांभाळून चालवा, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवायची घाई नको. आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बदलून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा मजुरी कोण देणार?