रिपोर्ट मागणारी शाळा, खिडकी न उघडणारी शाळा

करोनाचा विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. शाळा उगाच इतके महिने बंद ठेवल्या म्हणणारे एकीकडे, घाईने उघडल्या म्हणणारे दुसरीकडे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे आणि त्या भांडणात मला पडायचं नाही. मी शिक्षिका आहे. शाळा परत सुरू झाल्या तेव्हा रोज सकाळी फाटकाशी थर्मामीटरची गन घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. आजारी मूल ओळखण्यात कुणालाच फारसा रस नव्हता, कागद गोळा करण्यात मात्र सगळ्यांना होता. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

'७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह.' प्रवासाला हेच, कामावर रुजू व्हायला हेच, ऑपरेशनच्या आधी हेच, शाळेलाही हेच. आता हे ७२ तास जरा तपासून बघा. सुरुवातीच्या करोनात विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच-एक दिवस जायचे, कुणाकुणाला चौदाही. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सात अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. लागण झाल्यावर चौथ्या दिवशी टेस्ट केली, तर बाधित असलेल्या शंभरातल्या सुमारे ६७ जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण लक्षणं सुरू होतात तेव्हा, ३८ जणांचा. सगळ्यात कमी चूक आठव्या दिवशी, आणि तेव्हाही २० जण निसटतातच. म्हणजे मंगळवारी नाकात काडी घातली, बुधवारी रिपोर्ट आला, शुक्रवारी मूल वर्गात, आणि फाईलला लावलेला तो कागद शुक्रवारबद्दल काहीही सांगत नाही. तरी तो हातात असला की मास्क खाली यायचा. मुलांचा आणि आम्हा मोठ्यांचाही.

उलटी बाजू तितकीच वैतागाची. या टेस्टमध्ये विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवतात आणि तो फेरीमागून फेरी दुप्पट करत नेतात, सहसा चाळीसेक फेऱ्यांपर्यंत. विसाव्या फेरीला सापडणं आणि तिसाव्या फेरीला सापडणं यात विषाणूच्या प्रमाणाचा जवळजवळ हजारपटीचा फरक असतो. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाच्या नाकात उरलेले निर्जीव तुकडेही मशीन इमानेइतबारे पकडतं. ओळखीतली एक मुलगी ठणठणीत होऊन घरभर नाचत होती आणि रिपोर्ट मात्र दर वेळी 'अजून पॉझिटिव्हच', म्हणून तिची शाळा बुडत होती. खरं तर बरं झाल्याचं ठरवायला निगेटिव्ह टेस्टची गरज नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस, आणि त्यावर लक्षणांशिवाय किमान तीन दिवस, एवढं पुरे. पण फाईलला दिवस कसे टाचणार? फाईलला कागदच लागतो.

घरी करायच्या अँटिजेन टेस्टला लोक 'ती कच्ची' म्हणून नाक मुरडायचे. कमी विषाणू असेल तर ती चुकते, मान्य. पण पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं, आणि नाकात विषाणू भरपूर असेल त्या दिवशी ती बहुधा दोन रेघा दाखवतेच. 'आज हिला शाळेत पाठवू का?' एवढाच प्रश्न असेल तर तीच जास्त कामाची. फक्त तिच्यावर शिक्का नसतो.

आता गनचं सांगते. थंडीत चालत आलेल्या मुलाच्या कपाळावर ती ३४ अंश दाखवायची. हा आकडा खरा मानला तर त्या मुलाला तडक दवाखान्यात न्यायला हवं! आम्ही वहीत ३४.२ लिहायचो, पुढे सही, की पुढचं मूल.

आणि एक दिवस पहिलीतली एक मुलगी मास्क हनुवटीवर ओढून मला म्हणाली, "बाई, आईने मला गुलाबी औषध दिलंय, आता दुपारपर्यंत ताप येणार नाही." गनवर आकडा अगदी नॉर्मल. डोळे लाल, हात गरम. तिला घरी पाठवलं. थोड्या वेळाने आईचा फोन आला, मला वाटलं आता भांडेल. ती रडत होती. तिच्या रजा संपल्या होत्या आणि आणखी एक दिवस गैरहजर राहिली तर पगार कापला जाणार होता. त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पॅरासिटामॉलचा असर चार-सहा तास टिकतो हे तिला माहीत होतं, आणि शाळा तेवढीच चालते हेही.

या सगळ्यात खिडक्या राहूनच गेल्या. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड हवेतून पसरत नाही' असं ठासून लिहिलं होतं, ते बदलायला वर्ष उलटलं, मग शाळांनी बेंच पुसत बसण्यात नवल नाही. पण नंतरही, हवा हाच मुख्य मार्ग आहे हे कळून चुकल्यावरही, आमच्या वर्गांतल्या खिडक्या रस्त्याचा आवाज येतो म्हणून बंदच. सॅनिटायझरच्या बाटलीचा फोटो काढता येतो, खेळत्या हवेचा नाही.

शाळा बंद राहिल्याची किंमत काय झाली हे आता सगळ्यांसमोर आहे. एप्रिल २०२० मध्ये जगभरातले सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून न समजणारी दहा वर्षांची मुलं आधी ५७ टक्के होती, ती ७० टक्क्यांवर गेल्याचा अंदाज जागतिक बँकेने २०२२ मध्ये दिला. चौथीतल्या मुलांना जोडाक्षरं पुन्हा शिकवताना मला त्या आकड्यासाठी अहवाल उघडावा लागत नाही. म्हणूनच चीड येते. शाळा चालू ठेवायच्या होत्या तर उघड्या खिडक्या, आजारी मुलाला बिनबोभाट रजा आणि त्याच्या पालकांना पगारी रजा, यावर जोर द्यायला हवा होता. यातलं एकही महागड्या लॅबमधून आणावं लागत नव्हतं. (पगारी रजा फुकट नसते, ठाऊक आहे. बंद शाळाही फुकट नव्हती.)

आणि आता? गन कपाटात धूळ खातेय आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस परत आलंय. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना स्टेजवर बोलावून टाळ्या. या वर्षी माझ्या वर्गाच्या यादीवर मी सही केलेली नाही. कारण लेखी दिलंय: यादीतली निम्मी मुलं मागच्या महिन्यात माझ्यासमोर खोकत बसली होती, त्यांना घरी जा म्हटलं तर 'बाई, बक्षीस जाईल' म्हणाली. वरून अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या मुलांच्या शाळेत हे बक्षीस असेल तर पुढच्या पालकसभेत विषय काढा, मला एकटीला किती दिवस टाळतील ते टाळतील.