माणूस मिळालाय

काल दुपारी कुरियरवाला एक पाकीट देऊन गेला. बायकोनं ते माझ्यासमोरच फोडलं. आत मोत्यांच्या सहा क्लिपा. "बघ, थेट बँकॉकहून," ती म्हणाली. साडेतीनशे रुपये, कुरियरचे साठ वेगळे. त्या क्लिपा बघून माझ्या उजव्या खांद्यातून कळ गेली. आमची जुनी ओळख होती. गेल्या महिन्यात साम्फेंगच्या गल्लीत त्या चांगल्या पन्नास मिनिटं माझ्या मांडीवर बसल्या होत्या.

झालं असं, की ऑफिसच्या कामानं बँकॉकला गेलो आणि एक अख्खा शनिवार मोकळा मिळाला. बरोबरचे लोक मॉलमध्ये गेले. मी तसला पर्यटक नाही. टोपी-बिल्ला लावून बसमधून उतरायचं, बुद्धापुढे फोटो काढायचा आणि दुपारी वरणभाताला हॉटेलात परतायचं, असल्या लोकांबद्दल मला मनातल्या मनात फार वाईट वाटतं. मी शहर पायी बघतो. पेठा बघतो. त्यासाठी आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर नकाशाही काढला होता: साम योत स्टेशनाला उतरायचं, पाहुरातची शीख कापडपेठ, तिथून साम्फेंग, मग याओवारातचं चायनाटाउन, पुढे तलात नोई, जिथे जुन्या गाड्यांची इंजिनं घरांच्या दारात लाकडाच्या मोळ्यांसारखी रचून ठेवलेली असतात, आणि संध्याकाळी होडीनं नदीपलीकडे कुदी चीन.

कुदी चीन हा या सगळ्याचा कळस. १७६७ साली बर्मी फौजेनं तिथली तेव्हाची राजधानी अयुथ्था जाळलं, तेव्हा तिथले पोर्तुगीज वंशाचे लोक खाली आले. राजा ताकसिननं त्यांना नदीकाठी जागा दिली आणि त्यांच्या वंशजांची काही घरं अजून तिथे केक भाजतात. मैदा, साखर आणि बदकाची अंडी. लोणी नाही, यीस्ट नाही. हा केक गरम गरम खायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हॉटेलचा फुकटचा नाश्ता अर्धा सोडला होता. अर्धा सोडला म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको.

मेट्रोत बसून शहराचं पूर्ण नाव पाठ करत होतो. बँकॉक हे आपण म्हणतो. ते लोक क्रुंग थेप म्हणतात, आणि तीही नुसती सुरुवात. पूर्ण नाव रोमन लिपीत लिहिलं तर १६८ अक्षरं भरतात. त्यात अमर आहे, रत्न आहे, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, उत्तम राजनिवेश, विमान, अवतार, आणि शेवटी हे सगळं बांधणारा विश्वकर्मा. एखाद्या खानदानी लग्नपत्रिकेचा मजकूर शहराला नाव म्हणून दिलाय. फक्त 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राहिलंय.

पाहुरातला विशेष काही घडलं नाही. गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट बघितला, जिलबी खाल्ली, कापडाचे तागे बघितले. तिथून साम्फेंगमध्ये शिरलो.

१७८२ साली पहिला राम या राजानं राजधानी नदीच्या या तीरावर आणली. राजवाड्याला जी जागा पसंत पडली, तिथे चिनी व्यापारी राहत होते. त्यांना उठवून तटाबाहेर इथे बसवलं. अडीचशे वर्षं होत आली, पण आपल्याला जागा कमी मिळाल्याचा राग या गल्लीनं अजून सोडलेला नाही. गल्लीचं कागदोपत्री नाव सोई वानित १. वानित म्हणजे आपला वणिज, वाणी. म्हणजे सरळसरळ वाणी गल्ली. दोन्ही हात पसरले तर एका हाताला चपलांचं दुकान लागेल आणि दुसऱ्याला खेळण्यांचं. एवढ्या फटीतून माणसं जातात, मोटारसायकली जातात, आणि डोक्यापेक्षा उंच खोके लादलेल्या हातगाड्याही जातात.

गाडीवाले मागून ओरडतात, "खो थांग नॉय!" जरा वाट द्या, असा त्याचा अर्थ, हे मला नंतर कळलं. पण चौथीपासून शाळेच्या मैदानावर घडलेलं शरीर आहे. मागून 'खो' ऐकू आलं आणि मी पळालो. समोर क्लिपांचं दुकान होतं, त्यामुळे दीड पाऊलच पळालो. गाडीचं चाक अंगठ्यावरून गेलं आणि तोंडून निघालं, "आई गं!"

"मराठी का?"

एक बाई. पन्नाशीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेस, कमरेला पाऊच, पायात स्पोर्ट्स शूज. दोन्ही हातांत त्या चौकटी-चौकटीच्या नायलॉनच्या पिशव्या, आपल्याकडे गावाला जाताना एसटीच्या टपावर चढतात त्या. मी हो म्हणालो. अंगठा दुखत असताना माणूस खरं बोलतो.

"कुठले?"

"ठाणे."

"अगं बाई, मी डोंबिवलीची! भाऊ, दोनच मिनिटं हे धरा. समोरच जाऊन येते."

या 'दोन मिनिटं'बद्दल कधीतरी कुणीतरी नीट लिहायला हवं. मीच लिहिलं असतं, पण त्या वेळी हात रिकामे नव्हते.

ताई समोरच्या दुकानात गेल्या. दुकानात एक म्हातारी चिनी-थाई बाई, आणि दोघींच्या मध्ये एक कॅल्क्युलेटर. म्हातारी आकडा दाबायची, ताई तो पुसून आपला दाबायच्या. कॅरमची सोंगटी सरकवावी तसा तो काउंटरवर इकडून तिकडे जात होता. साम्फेंगचा भाव नगावर नसतो, डझनावर असतो. एक घेतलीत तर वेगळा, बारा घेतल्यात तर वेगळा, आणि ताईंसारखं घेतलंत तर कॅल्क्युलेटर.

"लोत नॉय ना खा! दर वेळी येते मी!"

"माय दाय खा."

"अहो माय दाय काय, मागच्या खेपेला हा सिपला दिलंत!"

लोत नॉय म्हणजे कमी करा, माय दाय म्हणजे जमणार नाही, हा सिप म्हणजे पन्नास. आणि 'खा' हे तिथल्या बायका वाक्याच्या शेवटी आदरानं लावतात. हे माहीत असूनसुद्धा दुपारी एक वाजता, अर्धा नाश्ता सोडलेल्या माणसाला दोन बायका मिळून सारखं 'खा खा' म्हणायला लागल्या की पोटात कालवतं.

दहा मिनिटांनी दुकानातल्या पोरीनं मला लाल प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. माझ्या इज्जतीचं दिवाळं वाजलं ते त्या स्टुलावर. उभा होतो तोवर वाटेत अडकलेला प्रवासी होतो. बसल्यावर व्यवस्थेचा भाग झालो. एक पिशवी मांडीवर, एक पायांत. जाता जाता एका गोऱ्या जोडप्यानं थांबून मलाच पिशवीतल्या माळेची किंमत विचारली. मी मान हलवली, तर त्यांना वाटलं मी भाव चढवतोय.

शेजारी आणखी एक स्टूल होतं. त्यावर एक आजोबा. त्या म्हातारीचे यजमान असावेत. त्यांच्याही मांडीवर खोका होता. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग समोरच्या कॅल्क्युलेटरकडे, मग माझ्याकडे, आणि सावकाश मान डोलावली. इतका समजूतदार माणूस मला गेल्या वर्षभरात भेटला नव्हता. त्यांनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत पेरूच्या कच्च्या, करकरीत फोडी, कागदाच्या पुडीत मीठ-साखर-तिखट, आणि टोचायला बांबूची काडी.

"फरांग," ते फोडीकडे बोट दाखवून म्हणाले.

फरांग म्हणजे फिरंगी. गोऱ्या माणसाला थाई लोक फरांग म्हणतात आणि पेरूलाही. तो तिकडे पोर्तुगीजांनीच नेला असं सांगतात, आणि आपल्याकडेही तो त्यांच्याच गलबतातून उतरला. मी ते मघाचं गोरं जोडपं दाखवून म्हटलं, "फरांग?" आजोबा हो म्हणाले. मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"खॅक," ते म्हणाले.

भारतीय माणसाला ते खॅक म्हणतात. ऐकायला घसा साफ केल्यासारखं वाटतं, पण शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. म्हणजे कोल्हापूरकडे कुणालाही 'काय पावणं' म्हणतात, तसंच. फरक एवढाच, की कोल्हापुरात पावण्याला ओझी धरायला लावत नाहीत. निदान पहिल्या दिवशी तरी.

तेवढ्यात दुकानातून ताईंचा आवाज आला. डोंबिवलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. "नाही गं, घाई नाही. निवांत बघते. माणूस मिळालाय बॅग धरायला."

माणूस मिळालाय! जसा सुतार मिळतो. प्लंबर मिळतो.

यावर हसावं, असं बायकोचं मत आहे. मी हसत नाही. कारण ही साम्फेंगची गोष्टच नाही. लग्नात जोडपी स्टेजवर जातात तेव्हा त्यांच्या पर्सा कुणाकडे असतात? स्टेशनवर 'जरा लक्ष ठेवा हं' कुणाला म्हणतात? सोसायटीच्या गणपतीत सजावट करणारे फोटोत असतात, आणि शिडी धरणारा फोटोच्या बाहेर. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते चार हजार मैलांवरूनही वाचता येतं. बरं, चार हजार नसेल. पण मला त्या स्टुलावर तेवढं वाटलं.

पन्नासाव्या मिनिटाला ताई आल्या, सोबत तिसरी पिशवी. त्यांनी मूठभर मणी काढून दाखवले. "नथीचे. पेशवाई नथ करते मी. गणपतीच्या प्रदर्शनात हातोहात जातात." मी त्या पेशवाईकडे बघत राहिलो. चिनी खोक्यातून बँकॉकला, तिथून डोंबिवलीला, आणि तिथून कुणाच्या तरी नाकात.

"भाऊ, तुमचं सामान किती? चार किलो बसतील का? मुंबईत कुणीतरी येऊन घेऊन जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणालो. परक्याचं सामान विमानातून न्यायचं नाही, एवढं एक मला शाळेत न शिकवताही कळतं. ताईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "अशा वेळीच माणूस कळतो." आणि माझा नंबर घेतला. फोटो पाठवते म्हणाल्या.

पन्नास मिनिटं बॅग धरली ते कळलं नाही. चार किलो नाही म्हणालो, त्यात माणूस कळला.

चायनाटाउन पळत पळत बघितलं. तलात नोई अजिबात बघितलं नाही. तिथली इंजिनं आहेत तिथेच असतील. नदी ओलांडून कुदी चीनला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सांता क्रूझचं चर्च छान आहे, १९१६ सालची इमारत, घुमटावर संध्याकाळचा उजेड पडला होता. मी तो बघितला नाही. नाकावर विश्वास ठेवून बोळाबोळांतून गेलो. बदकाच्या अंड्यांचा, भाजलेल्या साखरेचा वास एका दारातून येत होता. आत एक बाई रिकामे पत्र्याचे साचे धूत होती. मला बघून तिनं ओले दोन्ही हात पालथे करून दाखवले.

"मोत लॅव खा," ती म्हणाली. संपले.

मी तिथेच पायरीवर बसलो. खिशात आजोबांनी दिलेली तिखट-मिठाची पुडी होती. तीच चाटली.

ताईंनी शब्द पाळला. त्या रात्रीच मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं आणि मालाचा फोटो टाकला. कोपऱ्यात लाल स्टुलाचा पाय आणि माझा गुडघा दिसतो. मी मूर्खासारखा तो फोटो बायकोला दाखवला. तिनं गुडघा ओळखलासुद्धा नाही. क्लिपा मात्र ओळखल्या, आणि माझ्याच फोनवरून सहाची ऑर्डर दिली.

"आपल्याला ओळखीचे म्हणून काही कमी केलं का गं त्यांनी?" मी काल विचारलं.

"विचारलं मी," ती आरशासमोर क्लिप लावत म्हणाली. "माय दाय म्हणाल्या. म्हणजे काय रे?"