मीटरचा आकडाच सगळं सांगत नाही
‘एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीकडे वळूनही पाहू नका’ हे जुनी (सेकंड-हँड) गाडी घेण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं सरसकट विधान पटलं नाही. हायवेवर एका लयीत पळालेली गाडी आणि ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत रखडलेली गाडी, दोन्हींचं मीटर सारखं असलं तरी झीज सारखी नसते. माझी डिझेल गाडी दीड लाखानंतरही कुरकुरली नाही, ऑइल मात्र वेळेवर बदलायचो. उलट वर्षानुवर्षं नुसती उभी राहिलेली गाडी जास्त दगा देते: रबरी सील कडक होतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं, टायरला चिरा पडतात.

आणि गाडी कमी चाललेली दिसावी म्हणून मीटर मागे फिरवतात, त्याचं काय? लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही! चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं दिसलं, तर आधी सर्व्हिस रेकॉर्ड मागा.