पोलीस ठाण्यात जाताना घड्याळ घरी ठेवा

शहाण्याने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये म्हणतात. पण कोल्हापुरात राहायचं, गाडी चालवायची, रंकाळा तलावावर फिरायला जायचं, म्हणजे कधी ना कधी ती चढावी लागणारच. तेव्हा नीट चढा. हा सल्ला पाळलात तर पोलिसांना तुमचा काडीचा त्रास होणार नाही. तुम्हाला होईल, पण आपण सोसायला तयारीचे आहोत.

सगळ्यात आधी मनगटावरचं घड्याळ काढून घरी ठेवा. नागरिकाच्या बाजूने कायद्यात जे काही आहे, ते बहुतेक तासांवर आणि दिवसांवर उभं आहे. १४ दिवस, ४८ तास, २४ तास, २ तास. वेळ कुठे लिहिलीच गेली नाही, तर यातलं काहीच सुरू होत नाही आणि कुणाचंच काही चुकत नाही.

समजा, रंकाळ्यावर दुचाकीवरच्या दोघांनी तुमचा मोबाईल हिसकावला. ठाणे अंमलदार रजिस्टरमधून मान वर न काढता विचारतील, "कुठं पडला?" इथे हटून बसू नका.

"पडला नाही हो, हिसकावला."

"गर्दीत कळत न्हाई ओ. पडलाच असंल. कागद आणलाय?"

कागद समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तुम्हीच आणायचा आणि त्यावर 'गहाळ झाला' असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. शिक्का पडतो, त्यावर नवं सिमकार्ड मिळतं. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, तपास नाही म्हणून महिनाअखेरच्या आकड्यांत हद्द शांत. तुम्ही खूश, ठाणं खूश आणि हिसकावणारे तर फारच खूश. 'हद्द आमची नाही' असं ऐकलंत, तर निमूट पुढच्या ठाण्यात जा, तिथून परत या. तेवढीच रंकाळ्याला प्रदक्षिणा.

दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. ते नाव तोंडातून काढू नका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा शून्य क्रमांकाने घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो आणि प्रत फुकट द्यावी लागते. हेही विसरा. फार तर ते 'आधी प्राथमिक चौकशी करू' म्हणतील. त्याला उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. परवानगीचा कागद बघायला मागणं हा शुद्ध आगाऊपणा झाला.

आता उलट बाजू. एक दिवस फोन येतो, "जरा येऊन जावा, दहा मिन्टांचं काम हाय." लगेच निघा. लेखी नोटीस मागू नका. साठीच्या पुढच्या माणसाला किंवा कुठल्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून विचारायचं असेल, तर पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. पण घरी चहा कोण टाकणार? त्यापेक्षा आईलाच घेऊन बाकावर बसा.

हा बाक फार महत्त्वाचा. सकाळी ११ ला बसलात, दुपार गेली, रात्र गेली, फोन काढून घेतला, उठलात तर "बस खाली". दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता स्टेशन डायरीत नोंद पडते, 'अटक केली.' म्हणजे मधले ३१ तास तुम्ही तपासाला स्वखुशीने सहकार्य करत होतात. दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे २४ तास आता सुरू. प्रवासाचा वेळ त्यातून वेगळा, म्हणजे कसबा बावड्याच्या कोर्टापर्यंतच्या ट्रॅफिकचीही सूट. माणसाला अडकवून ठेवलं त्या क्षणापासून अटक धरायची, अधिकाऱ्याने कागदावर टाकलेल्या वेळेपासून नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच म्हणून ठेवलंय. पण ११ वाजता आलात हे सिद्ध कशावरून करणार? येताना भावाला मेसेज टाकला असेल, तर तो पुसायला सांगा.

अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठिताची सही लागते, आणि तुमचीही. कोऱ्यावर करा. नाव, कलम, ठिकाण मागाहून भरतात; वेळेचा रकानाही मागाहूनच. अटकेची कारणं लेखी, तुम्हाला कळेल अशा भाषेत, रिमांडला नेण्याच्या निदान २ तास आधी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. तुम्ही मात्र कोर्टाच्या जिन्यात वकिलाकडून ऐका. उत्सुकता टिकते.

मग मार. इथे धंद्याची एक गंमत सांगायला हवी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून चालत नाही, आणि नव्या साक्ष अधिनियमातही चालत नाही. चालतं ते फक्त त्या माहितीवरून सापडलेल्या वस्तूपुरतं, आणि त्यालाही पंच, म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार लागतात. पंच म्हणजे ठाण्यासमोरचा टपरीवाला, ज्याची सही आधीच चार गुन्ह्यांत आहे. उलटतपासणीत तो "साहेबांनी सांगितलं तिथं सही केली" म्हणतो आणि खरा चोरसुद्धा सुटतो. कबुलीसाठी मारल्यास जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १२० खाली ७ वर्षं, गंभीर दुखापत असेल तर १० वर्षं. पण त्यासाठी दुखापत कागदावर यावी लागते, आणि ती येऊ न देणं तुमच्या हातात आहे.

तपासणीसाठी सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं की मोजे काढू नका. पट्टा तळपायावर बसतो तो उगाच नाही. पाठीवरचे वळ दिसतात, तळव्याचे बघायला कुणी वाकत नाही. शिपाई दारात उभा असतो, डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" तुम्ही "न्हाई." जखमा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या हे डॉक्टरांनी लिहायचं असतं, अहवालाची प्रत तुम्हाला द्यायची असते, कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी व्हायची असते. ४८ तासांचं तर १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलंय. डॉक्टरांच्या मागे रांग आहे, त्यांना खोळंबवू नका. दंडाधिकारी विचारतील, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" उत्तर देताना शिपायाकडे बघा, म्हणजे चुकायचं नाही.

आणि पोलिसांनी दुसऱ्या कुणा आरोपीची धिंड काढली की टाळ्या जरूर वाजवा, रील करा. ज्या पट्ट्याला टाळ्या वाजवतो तो आपल्या पोराच्या मापाचाही असतो, हे कुणी सांगितलं तर त्याला गुंडांचा कैवारी म्हणा.

दारातल्या त्या शिपायावर मात्र राग धरू नका. गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा; त्याच्याही ड्युटीचे खरे तास कुठल्या वहीत सापडणं अवघड.

राहिला सीसीटीव्ही. लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, अगदीच जमलं नाही तर किमान वर्षभर ठेवावं, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश. शेजारच्या सांगलीत २०१७ साली कोठडीतला तरुण पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं, आणि पुढे मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप त्याच पोलिसांवर आला. तेव्हा चित्रण मागणारा अर्ज पहिल्या आठवड्यात मुळीच करू नका. आधी अधीक्षकांना तक्रार पाठवा, तीही रजिस्टर टपालाने नको, साध्याच. उत्तराची वाट बघा. मग दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्र, मग मुंबईच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापुरातच बसणारं खंडपीठ, सीपीआरच्या समोरच बसतं, पण तिकडे फिरकू नका. जुन्या सवयीने रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईलाच जा. दोन-चार खेपा होईपर्यंत वर्ष आरामात भरतं.