हरलात? मग आधी चाहत्यांच्या स्टँडपर्यंत चालत या

फुटबॉलचे चाहते हार गिळतात. पाठ फिरवून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात शिरलेला खेळाडू मात्र त्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतो. म्हणून शेवटच्या शिट्टीनंतरच्या दहा मिनिटांबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं.

प्रतिस्पर्ध्यांशी आणि रेफरीशी हात मिळवून झाले की कर्णधाराने सगळ्यांना गोळा करावं आणि आपल्या स्टँडकडे निघावं. सगळ्यांनी, एकत्र. चुकतं ते इथेच. अर्धा संघ मधल्या रेषेपाशीच थबकतो, डोक्यावर हात नेऊन चार टाळ्या वाजवतो आणि वळतो. पन्नास मीटरवरून कुणाचा चेहरा दिसत नाही, लोकांना ती नुसती हजेरी वाटते. पेनल्टी बॉक्स ओलांडून थेट जाहिरातींच्या फलकांपर्यंत जायला हवं. पहिली दोन मिनिटं शिव्या पडतील. तेव्हा टाळ्या वाजवू नयेत, लोक आणखी भडकतात. हात जोडून उभं राहावं, उलट उत्तर देऊ नये. आवाज ओसरला की मग टाळ्या. जर्सी द्यायची तर हातात द्यावी. गर्दीत भिरकावली की पाच जण कठड्यावर झेपावतात आणि पुढच्या रांगेतलं पोर चेंगरतं.

२०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँड फ्रान्सकडून ५-२ असं हरलं. कर्णधार आरोन गुन्नारसन संघाला घेऊन चाहत्यांसमोर उभा राहिला. हात वर, एक टाळी, मग शांतता. पुन्हा टाळी. हळूहळू वेग वाढत गेला. पाच गोल खाल्लेला संघ आणि त्याची माणसं एकाच तालावर होती. २७ मे २०२३ ला माइन्झशी २-२ बरोबरी झाली आणि डॉर्टमुंडच्या हातातोंडाशी आलेलं जर्मन लीगचं विजेतेपद गेलं. प्रशिक्षक एदिन तेर्झिच दक्षिण स्टँडसमोर डोळे पुसत उभे होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिकिटाचे पैसे परत देणं ही नंतरची गोष्ट. २००९ मध्ये टॉटनहॅमकडून ९-१ असा मार खाल्ल्यावर विगन या इंग्लिश क्लबच्या खेळाडूंनी ते केलं, चांगलंच केलं. पण समोर येऊन उभं राहण्याची भरपाई पैशाने होत नाही. दुसऱ्या दिवशी क्लबच्या ऑफिसातून लिहून आलेल्या माफीच्या पोस्टने तर नाहीच नाही.

चाहत्यांनीही मर्यादा सोडू नये. २०१२ मध्ये इटलीत सिएनाविरुद्ध जेनोआ ०-४ मागे पडल्यावर जेनोआच्याच अल्ट्रांनी, म्हणजे कट्टर समर्थकांच्या गटाने, सामना पाऊण तास रोखला आणि खेळाडूंना जर्सी उतरवायला सांगितलं. जेनोआचा खेळाडू ज्युसेप्पे स्कुल्लीने ती काढायला नकार दिला. मला तो त्या दिवशी मैदानातला सगळ्यात ताठ कण्याचा माणूस वाटतो.

आणि एखादा खेळाडू स्टँडकडे आला नाही म्हणून लगेच त्याच्या नावाने ओरडू नका. डोपिंग (उत्तेजक द्रव्यांच्या) चाचणीसाठी चिठ्ठीत नाव निघालेल्याला शिट्टीनंतर थेट तिकडे जावं लागतं, काहींना टीव्हीवाले मुलाखतीसाठी ओढून नेतात. बाकीचे अठरा-वीस जण कुठे आहेत, ते मात्र जरूर मोजा.