कॅम्परचा फ्रीज आणि ‘गॅस मारून घ्या’चा सल्ला

‘कॅम्परमधल्या फ्रीजला कूलिंग येत नाही? गॅस कमी झालाय. दर दोन वर्षांनी भरावाच लागतो. तोवर थर्मोस्टॅट फुल्ल ठेवा. तरी जमलं नाही तर फ्रीज रात्रभर उलटा करून ठेवा.’ उन्हाळा लागला की कॅम्परवाल्यांसाठीचा (कॅम्पर म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) हा मेसेज कोल्हापुरात घरोघरच्या फोनवर फिरतो. तो वाचून माणसं उद्यमनगरात येतात, ‘गॅस मारा’ म्हणतात आणि धडधाकट फ्रीजचा पाइप कापला जातो. हे बघून जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितोय.

फ्रीजमधला गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही. गाडीच्या एसीत रबरी होज आणि शाफ्टचं सील असतं, तिथून गॅस हळूहळू झिरपतो. फ्रीजचा कंप्रेसर मात्र वेल्डिंग केलेल्या डब्यात बंद असतो आणि पाइप ब्रेझिंगने, म्हणजे धातू वितळवून, जोडलेले असतात. गॅस कमी असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. स्वयंपाकाचा गॅस, बॅटरीचे बारा व्होल्ट आणि घरची लाइट अशा तिन्हींवर चालणारा थ्री-वे फ्रीज तर अ‍ॅब्सॉर्प्शन जातीचा. १९२२ साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही रचना. त्यात कंप्रेसरच नाही, हीटरच्या किंवा ज्योतीच्या उष्णतेवरच गारवा तयार होतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच सीलबंद होतात. त्यात गॅस ‘मारायचा’ प्रश्नच येत नाही. लीक झाली तर अमोनियाचा उग्र वास येतो, मागे पिवळी पूड दिसते आणि अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागतं.

मग कूलिंग जातं कुठं? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वायरीत. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत सहा मीटर अंतर धरा, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल आणि अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीजचा हीटर १२ अँपिअर ओढत असेल, तर वाटेतच सुमारे १.७ व्होल्ट गळतात. बॅटरीवर मीटर १२.२ दाखवतो, फ्रीजच्या प्लगपाशी जेमतेम १०.५. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे चौथा हिस्सा गेलाच. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हीच गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. मोजायचं ते फ्रीज चालू असताना आणि प्लगपाशीच. नुसत्या बॅटरीवरचा आकडा फसवतो. कंप्रेसरवाला फ्रीज कमी व्होल्टेजला स्वतःच बंद पडतो. त्याच्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर एलईडी असेल तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सेकॉप कंपनीच्या बीडी३५ कंप्रेसरमध्ये थांबून थांबून एकेकदा लुकलुकला, तर तक्रार बॅटरीची किंवा वायरीची.

दुसरी गोष्ट लेव्हलची. पन्हाळ्याच्या चढावर ट्रेलर कसाही लावला तर अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीजमधला द्रव खाली परतत नाही, कारण तो निव्वळ उतारावर वाहतो. असा तिरका बराच वेळ चालवला तर युनिट कायमचं जातं. म्हणून चाकाखाली फळी घाला आणि पाणलेव्हल फ्रीजच्या आत ठेवून बघा.

हवेचंही तेच. गगनबावड्याच्या पावसात पाणी शिरू नये म्हणून फ्रीजमागच्या बाहेरच्या जाळ्यांवर प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं आणि ते एप्रिलपर्यंत तसंच राहतं. खालच्या जाळीतून गार हवा आत आणि वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर गेलीच पाहिजे. फ्रीजच्या माहितीच्या प्लेटवरचा हवामानाचा क्लासही वाचा : एन म्हणजे बाहेरचं तापमान ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. एन क्लासचा फ्रीज आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी कमी पडणारच. फ्रीजची बाजू तेवढी उन्हापासून फिरवून गाडी लावा.

थर्मोस्टॅट फुल्ल केल्यानं फ्रीजची ताकद वाढत नाही. कधी थांबायचं एवढंच तो ठरवतो. फुल्लवर कंप्रेसर थांबतच नाही, बॅटरी मात्र बसते. त्यापेक्षा आदल्या रात्री घरच्या लाइटवर फ्रीज गार करा आणि दूध, पाण्याच्या बाटल्या गार करूनच आत ठेवा.

फ्रीज उलटा करण्याची युक्ती जुन्या अ‍ॅब्सॉर्प्शन युनिटांवर कधीकधी तात्पुरती चालायची, हे खरं. पण कंप्रेसरवाल्या फ्रीजला ती घातक आहे. डब्यातलं ऑइल पाइपात उतरतं, आणि तसाच चालू केला तर कंप्रेसर जातो.

गॅसची शंका घ्यावी, पण कधी? कंप्रेसर चालतोय, प्लगपाशी व्होल्टेज पुरेसं आहे, मागचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारे पाइप) मात्र गरमच होत नाही, तेव्हा. मग मेकॅनिकला आधी लीक दाखवायला सांगा. आणि पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता तो गॅस भरणार असेल, तर फ्रीज तिथं ठेवू नका.